बदामाच्या पानातला शिंपी

१८ जून
संदेश म्हणतो, "आई, घर विकलं नाही, डेव्हलपमेंटला दिलंय." म्हणजे विकलंच! पोटचा पोरगा! आता माती तपासायचं मशीन आत यायला अंगणातला बदाम तोडणार.

१९ जून
बदामावर एक शिंपी पक्षी. अंगठ्याएवढा जीव, आणि बोंब केवढी! डोकं उठवलं.

२२ जून
घरटं सापडलं! खालच्या फांदीचं मोठं पान दुमडून, कडांना चोचीनं भोकं पाडून, कापूस आणि कोळ्याच्या जाळ्याचे धागे ओवलेत. आत तीन अंडी.
संदेशला सांगितलं, "पिल्लं उडेपर्यंत झाडाला हात लावायचा नाही."
"एका चिमणीसाठी?"
"चिमणी नाही. शिंपी."
दार आपटून गेला. मला तरी कुठं पाखरांचं वेड? पण त्याला झोंबलं — बरं वाटलं.

२५ जून
बोलणं बंद. जेवण वाढते, ताट आदळते.

४ जुलै
पिल्लं निघाली. उघडी, आंधळी, कुरूप! नर-मादी दोघं दिवसभर अळ्या आणतात. पिल्लांची घाणसुद्धा चोचीत धरून लांब नेऊन टाकतात. आम्हीही काढली की घाण. काय मिळालं?

६ जुलै
बिल्डरचा माणूस आला. "अम्मा, चिडिया के वास्ते काम रुकाते क्या?"
"हौ, रुकाते!"
संदेशचं तोंड बघण्यासारखं झालं. नंतर म्हणाला, "तू मुद्दाम करतेस." हो, मुद्दामच!

९ जुलै
भारद्वाज! काठी घेऊन धावले, तोवर पान फाडून तिन्ही पिल्लं गिळली मेल्यानं. याचं दर्शन म्हणे शुभ! नर-मादी चोचीत अळ्या धरून रिकाम्या घरट्याभोवती उडत राहिली. मी रडले. कशाला, कोण जाणे.
संदेशला कळू दिलं नाही. सुई घेऊन पान पुन्हा शिवलं. हिरवा दोरा नव्हता, लालच घेतला.

१० जुलै
झाडाखाली खुर्ची टाकून बसले. संदेश विचारतो, "अजून किती दिवस?"
"उडतील तेव्हा उडतील."

१२ जुलै
बिल्डरचा माणूस कुऱ्हाडवाल्याला घेऊनच आला. मी उठायच्या आत संदेश स्टुलावर चढला. पान हातात धरून बराच वेळ आत बघत राहिला. लाल दोरा दिसलाच असणार. खाली उतरला, माझ्याकडे न बघता त्या माणसाला म्हणाला, "अंदर बच्चे हैं, भाई. अभी नक्को."