रोवण्यातलं लग्न

महिला आश्रम, राजस्थान
२० जुलै १९८३

दादा, तुह्या यमूचा पायावर डोकं ठेवून नमस्कार.

तुहं पत्र भेटलं. मी बरी आहो. पोलिसांनी त्या घरातून सोडवून इथं आणलं, तवापासून शिवणकाम शिकून राहिली. दोन्ही टाईम जेवण भेटते, भात तेवढा भेटत नाही. मायचे गुडघे कसे आहेत? तिले धानाच्या बांधीत, चिखलात उतरू देऊ नोको.

आश्रमाच्या बाई म्हणतात, इथला नियमच आहे, घरचा माणूस सही कराले आल्याबिगर पोरीले सोडता येत नाही. म्हणून रोज तुही वाट पाहून राहिली.

सोयरीक जुळवणाऱ्या केशरबाईनं तुमाले सांगतलं का मी सासरी भांडून पळाली. ते खोटं आहे. ज्याच्या गळ्यात मी माळ घातली, तो तिसऱ्या दिवशी मले एका म्हाताऱ्याले विकून निघून गेला.

आता ती आपल्या लहान्या बहिणीसाठी, शकूनसाठीही इकडचाच पोरगा घेऊन आली म्हणतोस. माह्या वेळीही ती हेच म्हणे, "त्यायच्यात आषाढातही लग्न लागते." धानाचा रोवणा सुरू होता, म्हणून पोराचं घर पाहाले आपल्यातलं कोणीच गेलं नाही. तुहा दोष नाही दादा. आपण सारेच बांधीत वाकून होतो.

मले न्यायले दिवाळीनंतर आला तरी चालते. पहिले शकूनची सोयरीक मोड.

हे पत्र मायले दाखवू नोको. शकूनले मात्र पुरं वाचून दाखवजो.

तुही बहीण,
यमू