नाव ठेवलेलं वासरू

प्रिय येसेनिया,

मर्लने स्वतः मला कागद आणून दिला, पाकीट दिलं, वर तिकीटही दिलं, आणि म्हणाला, "आर्लिस, तू चार ओळी खरड सुनेला. तुझं ऐकेल ती." इतक्या वर्षांच्या संसारात या माणसाने माझ्या हातात लिहायला काही दिलेलं मला आठवत नाही. तेव्हा बसलेय लिहायला. समोर खिडकीतून तो दिसतोय. कुंपणाची तार ओढतोय आणि मध्येच मान वळवून मी लिहितेय की नाही ते बघतोय. लिहितेय बाबा, लिहितेय! फोनवर तुझ्याशी धड बोलता येत नाही, कारण तो फोन स्पीकरवर टाकून शेजारी खुर्ची ओढतो आणि मी तोंड उघडायच्या आत "हो की नाही, आर्लिस?" म्हणतो. मग मी हो म्हणते.

परवा एल्सी म्हणाली ते ऐकलंस ना? "आजी, बिस्किटला सांग मी येतेय. आणि त्याला सफरचंद चिरून दे, अख्खं देऊ नकोस, घशात अडकतं त्याच्या." उत्तर मर्लनेच दिलं, "सांगतो हं, राणी." आवाजात साखर नुसती. बिस्किट चार पायांवर उभा दिसला तरच पोरीला घेऊन परत येईन, नाहीतर माझ्या नावाने आंघोळ कर, असं तू कर्टला बजावलंस. त्याने फोटो पाठवला, तुझा जीव भांड्यात पडला, आणि तुम्ही थँक्सगिव्हिंगला येणार म्हणून हे बापलेक इथे शिट्ट्या वाजवत फिरताहेत. तुमच्या खोलीचे पडदे कर्टने धुतले. येसेनिया, त्याने जन्मात स्वतःचा मोजा धुतलेला नाही. गावात चार तोंडं बोलायला लागली ना, की मर्लच्या घरातून सून निघून गेली, म्हणून ही सगळी धावपळ.

व्हर्लिनच्या हॉटेलातल्या त्या संध्याकाळविषयी मी कुणाशी बोललेले नाही. तुझ्याशी बोलते, कारण तू अर्ध्यातून उठून गेलीस. वासरं विकली की त्या दिवशी घरच्या सगळ्यांनी व्हर्लिनकडे स्टेक खायला जायचं, ही मर्लच्या आजोबांपासूनची रीत. वर्षातून एकदा याचा हात सैल सुटतो तो तेव्हाच. भिंतीवर आपल्या गुरांना देतो तो मालकीचा डाग लाकडात जाळून उमटवलेला आहे, त्याच्याच खालचं टेबल. मागवायचं मर्लने, सगळ्यांसाठी, आणि आतून लाल. पुरतं भाजलेलं मागणाऱ्याला व्हर्लिन बुटाचा तळवा तळून देतो म्हणे. लग्न होऊन आले त्या वर्षी मी तिथे चिकन मागितलं होतं. ते मला अजून ऐकवतात. सासूबाईंच्या मयतीच्या जेवणातसुद्धा कुणीतरी म्हणालंच, "आर्लिसला विचारा, कोंबडीला किती दुःख झालंय!"

त्या दिवशी मर्लने एल्सीचं ताट आपल्याकडे ओढलं आणि तिच्यासाठी मांसाचे छोटे छोटे तुकडे केले. कर्ट लहान होता तेव्हा पोराच्या ताटात काय आहे हे याने कधी पाहिलं नव्हतं. मला खरंच भरून आलं. म्हटलं, म्हातारपणी का होईना, दगडाला पाझर फुटला. मी तर तुझा हातही दाबला टेबलाखाली, आठवतं? तेवढ्यासाठी मी स्वतःला शंभर शिव्या दिल्या नंतर.

"कसं लागतंय?" त्याने विचारलं. "मस्त, आजोबा." "लागणारच! बाटलीने दूध पाजून वाढवलंस ना तू त्याला." पोरीला कळेना. घास तोंडातच. तिने आधी तुझ्याकडे पाहिलं, मग कर्टकडे. तोवर मर्ल ओरडला, "अरे व्हर्लिन, थोडी ग्रेव्ही आण रे, आमच्या बिस्किटावर घालायला!" शेजारची दोन टेबलं हसली. कर्टही हसला. तो आधी बापाच्या तोंडाकडे बघून मग हसला, आणि तेच मला जास्त झोंबलं. एल्सी रडली नाही. तिने घास रुमालात काढला, रुमालाची नीट घडी घातली आणि म्हणाली, "मम्मी, मला तोंड धुवायचंय." तू तिला उचललंस, कर्टच्या टोपीखालची गाडीची किल्ली घेतलीस आणि गेलीस. तिचा कोट खुर्चीवरच राहिला.

मागे काय झालं तेही ऐकून ठेव. कुणीही उठलं नाही. मर्ल म्हणाला, "तापट रक्त आहे, निवेल." मग त्याने तुम्हा दोघींच्या ताटातलं डब्यात भरून मागितलं, वाया कशाला घालवायचं म्हणून. आणि त्यावर ॲपल पाय मागवला. कर्ट म्हणाला, "डॅड, गंमत जरा जास्तच झाली." मर्ल म्हणाला, "गंमत कळायला अक्कल लागते." कर्टने मान खाली घालून ॲपल पाय खाल्ला. माझा मुलगा आहे तो, मीच जन्म दिलाय, पण त्या क्षणी मला त्याची किळस आली. आईने असं लिहू नये. लिहिलं.

घरी येताना गाडीत मर्लचं सुरू होतं, आपल्याकडे पोरं मन घट्ट करूनच वाढतात, मांस कुठून येतं ते तिला कळायला नको का, आणि कत्तलखान्यातल्या माणसाची मुलगी असून हिला एवढं लागायचं काय कारण? हसावं की रडावं! तुझ्या वडिलांनी लेक्सिंग्टनच्या कारखान्यात सुरी चालवण्यात जन्म घालवला. ते पहिल्यांदा आपल्याकडे आले तेव्हा मर्लने भर जेवणात विचारलं होतं, "रोज इतकी जनावरं मारून कसं वाटतं हो?" ते म्हणाले, "काम केल्यासारखं वाटतं. पण जेवताना आम्ही त्याविषयी बोलत नाही." मर्लला वाटलं, यांना इंग्रजी जेमतेमच येतं.

तुला ठाऊक आहे, या घरात नियम दोनच. खायच्या जनावराला नाव ठेवायचं नाही, आणि मर्लला नावं ठेवायची नाहीत. एल्सीने पहिला मोडला. गेल्या वर्षी मार्चच्या हिमवादळात ते वासरू आईविना सापडलं, मर्लनेच कोटात गुंडाळून आणलं आणि आमच्या न्हाणीघरात, टबातल्या कोमट पाण्यात त्याला धरून बसला. खोटं कशाला बोलू, जनावर वाचवताना या माणसाचे हात बघावेत. ते हात बघूनच मी लग्न केलं. एल्सी शेजारी उकिडवी बसली होती. म्हणाली, "हा बिस्किटाच्या रंगाचा आहे." मर्ल हसून म्हणाला, "झालं! आता याला काही खाता यायचं नाही." पोरीने ते वचन म्हणून धरलं. वचनच होतं ते. पुढे तिने कितीदा विचारलं आणि त्याने कितीदा हो म्हटलं, तू ऐकलंयस.

मग या वर्षीची जत्रा. जिल्ह्यातली सगळी पोरं आपापलं जनावर लिलावाच्या रिंगणात नेत होती, आणि आपली बाई दारातच दोर धरून उभी. "माझ्या आजोबांनी सांगितलंय, बिस्किट विकायचा नाही!" केवढा तो आवाज! लोक हसले. कुणीतरी म्हणालं, "काय मर्ल, घरात हल्ली नातीचं राज्य वाटतं?" मर्लही हसला. तू तेव्हा एल्सीकडे बघत होतीस, मी त्याच्याकडे. त्याचं ते हसू मला चांगलं ठाऊक आहे. दात दिसतात, आणि आत काहीतरी धरून ठेवलेलं असतं. त्या दिवसापासून तो एल्सीशी फार गोड वागायला लागला. मला तेव्हाच धडकी भरली होती, पण पोर खूश होती आणि तूही खूश होतीस.

गेल्या रविवारी चर्चच्या स्वयंपाकघरात व्हर्लिनची बायको डोरीन माझ्या शेजारी बटाटे सोलत होती. सोलता सोलता एकदम थांबली. म्हणाली, "आर्लिस, आम्हाला माफ कर बाई. मर्लने मांस घरून आणलं, म्हणाला, नातीला चकित करायचंय. व्हर्लिनला वाटलं, वाढदिवस-बिढदिवस असेल." घरी येऊन मी कर्टला गोठ्यात गाठलं. त्याने माझ्याकडे न बघता सांगितलं, त्यालाही त्या रात्रीनंतरच कळलं; बिस्किटला लांबच्या कुरणात चरायला सोडलाय, ही बापाची थाप आपल्यासारखीच त्यालाही खरी वाटली होती. आणि मग, "आई, डॅडनी त्याच रंगाचा दुसरा आणलाय बाजारातून. सात वर्षांची पोर ती! तिला काय कळतंय? तू मध्ये पडू नकोस, माझा संसार वाचतोय." कानातला नंबराचा बिल्लासुद्धा जुनाच अडकवलाय, हे वर हौसेने दाखवलं मला.

तो फोटो परत काढून बघ. मान गव्हाणीत घातलेली आहे, नुसती पाठ दिसते. मुद्दाम नाही हं, तेवढी बुद्धी नाही त्यांना, तो खात होता एवढंच. बिस्किटचे दोन्ही कान त्या वादळात गोठले होते आणि टोकं झडून गेली होती. ते थोटके कान दोन मुठींत धरल्याशिवाय एल्सी त्याच्याशी बोलायचीच नाही. या नव्याचे कान पुरते आहेत, चांगले हातभर लोंबणारे. उभा जन्म गुरांत काढलेल्या दोन पुरुषांनी रंग बघितला, वजन बघितलं, बिल्ला बदलला, आणि कान बघितले नाहीत. म्हणजे या दीड वर्षात त्यांनी त्या पोरीकडे एकदाही नीट बघितलं नाही. म्हणून लिहितेय, येसेनिया, आणि पाकीट मी स्वतः टाकून येणार आहे: येऊ नका. मर्ल विचारेल, लिहिलंस का, मी म्हणेन, लिहिलं. ती गंमत नव्हती. एल्सीला हे सांगावं लागेल, आणि ते तुला सांगावं लागेल, याबद्दल मी त्याला मरेपर्यंत क्षमा करणार नाही. पण इथे कुंपणाशी, बाप आणि आजोबा दात काढून बघत असताना, तिच्या मुठींना ते कळण्यापेक्षा तुझ्या मांडीवर कळू दे.

तुझीच,
आर्लिस