अडवलेलं माहेर

घोरपडे पेठ, पुणे
१५ जानेवारी २०२५

चि. पूर्वास,
अनेक आशीर्वाद.

त्याला घराबाहेर काढायच्या माझ्या दाव्याचं समन्स परवा तुझ्या नवऱ्याने घेतलं. बेलिफापुढे सही केल्याची खात्री आपल्या वकील अपेक्षाने कोर्टात जाऊन करून घेतली. माझी तब्येत ठीक. तुझ्या पायांची सूज उतरली का? सातव्या महिन्यात ओट्याशी उभी राहू नकोस. तू जिच्याकडे राहायला गेलीस, त्या मैत्रिणीलाही सांग, मी ओरडले म्हणून.

समन्स घेऊन सुदर्शन आत आला आणि म्हणाला, "सासूबाई, चहा टाका."

मी म्हटलं, "गॅस तिथे आहे. घरावर हक्क सांगताय, तर भांडीही घासा."

करार नाही, भाडं नाही, बायको घरात नाही. तरी खोली त्याची! वकिलाच्या नोटिशीला उत्तर काय दिलंय माहीत आहे? 'सासूबाईंनी "जावईबापू, घर आपलंच समजा" असे सांगून कायम राहण्यास परवानगी दिली.' यापुढे कुणाला 'जेवूनच जा' म्हणायची सोय नाही. हात धुतले की स्वयंपाकघर नावावर करून मागतील.

शेजारच्या नूरबानू म्हणाल्या, "भाजीला गेला की कुलूप बदला. सामान मी जिन्यात लावून देते, अगदी रांगेत." मला पटलंच होतं. अपेक्षाने दोघींना झापलं. कुलूप बदललं किंवा वीज तोडली, तर तोच पोलिसांत जाणार आणि तोच बिचारा ठरणार. म्हणून तो माझा गीझर तासभर चालू ठेवतो आणि मी दात आवळून बसते. काल तर तिळगुळासाठी हात पुढे केला. मी डबा कपाटात ठेवून दिला.

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, तर माहेर मोकळं नको? माझा दावा वर्षानुवर्षं चालेल, असं अपेक्षा म्हणते. बाळ तेवढं थांबणार नाही.

दुसरा रस्ता तुझ्या हातात आहे. कौटुंबिक हिंसाचाराचा अर्ज तू दिलास, तर कोर्ट त्याला घराबाहेर काढू शकतं आणि तेही लवकर. तू फोनवर म्हणतेस, "आई, दावा मागे घे, लोक हसतील." हसू देत. लोक बाळंतपणाला येणार नाहीत.

आणि तुझ्या दुखावलेल्या मनगटाचं. कपाटाचं दार आदळलं, असं तू डॉक्टरांना सांगितलंस. पूर्वा, त्या खोलीतल्या कपाटाला सरकतं दार आहे. सुताराशी हुज्जत घालून मीच करून घेतलंय. ते आदळत नाही. आणि भिंतीपलीकडे त्या वेळी मी होते.

शनिवारी अपेक्षा कागद घेऊन नाशिकला येते आहे. ती विचारेल, तेव्हा दार म्हणू नकोस. हात म्हण. कुणाचा, तेही सांग. तुझी सही झाली की सोमवारी अर्ज इथल्या कोर्टात दाखल होईल आणि त्याला पुन्हा बोलावणं येईल. या वेळी तुझ्या नावाने.

तुझी खोली झाडून घ्यायला खोळंबलेली,
आई