देवाच्या पंगतीत रेशनची भाकरी

२८ डिसेंबर
यंदा सप्ताहाच्या पंगतीची देखरेख माझ्याकडे. अमरसिंह स्वतः सांगायला आला. गावाचा पुढारी, पण मला काकू म्हणतो आणि माझ्यासमोर खुर्चीवर बसत नाही. म्हणाला, काकू, तुमच्यावानी शिस्त दुसऱ्या कुणाला जमती का? खरं आहे.
आमच्याकडे आमटी मंडपात शिजते, भाकरी घराघरांतून येतात. सगळ्या एकाच धोतरावर रचतात. कोणती कुणाची, कळायला मार्ग नाही. हे आजवर कुणालाच खटकलं नाही, याचं आश्चर्य वाटतं.

३० डिसेंबर
संध्याकाळी नेहमीप्रमाणे वच्छला. माझी धाकटी जाऊ. दिराने वाटणीचं शेत विकून खाल्लं आणि निघून गेला देवाघरी. तेव्हापासून ही लोकांच्या रानात खुरपते. माझे हे गेल्यापासून आम्ही रात्रीचं माझ्याकडेच जेवतो. पीठ माझं, भाकरी तिची, भाजी माझी. तिच्या भाकरीला पापुद्रा फार सुरेख सुटतो. तिला कधी सांगितलेलं नाही. डोक्यात जाईल.
आज सहज विचारलं, मंडपात कशाच्या भाकरी देणार? म्हणाली, रेशनला ज्वारी आलीय की बाई, लई पांढरी हाय.
फुकट मिळालेलं धान्य, आणि देवापुढे! झोपच उडाली.

१ जानेवारी
संकल्प: राग आवरणे. चहात साखर बंद. वच्छलाला मार्गावर आणणे.
लहानपणी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर क्लेअर आम्हाला शिकवायच्या, न कमावलेला घास पोटात जातो पण आत्म्याला लागत नाही. आपल्या धर्मात तर दान घेणाऱ्याच्या डोक्यावर देणाऱ्याचं ओझं राहतं, ते कधी ना कधी फेडावंच लागतं. दोन धर्मांचं एकमत झालं म्हटल्यावर वच्छला काय बोलणार?

२ जानेवारी
बोलली. म्हणाली, बाई, तुमची शाळा तरी अनुदानाचीच होती ना?
अनुदान शाळेला होतं, मला शिकवण्याचा पगार होता. इतका साधा फरक कळत नाही.
साखर चालू केली. अशा मनस्तापात बंद ठेवणं योग्य नाही.

३ जानेवारी
परळीला बँकेत. एसटीत बायकांना अर्धं तिकीट. ती सवलत, मदत नव्हे. अतिवृष्टीचे पैसे जमा झालेत. तीही मदत नव्हे, भरपाई. शब्दातच न्याय आहे.
परतताना तोडगा सुचला. वच्छलाला माझी ज्वारी द्यायची, तिने त्याच्या भाकरी कराव्यात. तिचं पुण्यही होईल, माझं तत्त्वही राहील. मला असं काहीतरी सुचतंच.

४ जानेवारी
पायलीभर ज्वारी घेऊन स्वतः तिच्या दारात गेले. हात लावला नाही. म्हणाली, हिची भाजली तर ती तुमची भाकरी झाली बाई. मग माझं देवाला काय? आणि सरकारचं घेतलं तर पाप, जावंचं घेतलं तर पुण्य, असं कावून?
मी म्हटलं, मी परकी आहे का?
म्हणाली, न्हाई ना. म्हणूनच न्हाई घेत.
याचा अर्थ काय होतो, तिलाच ठाऊक. जेवताना अर्धीच भाकरी खाल्ली. विचार करत असावी. लक्षण चांगलं आहे.

५ जानेवारी
सप्ताह बसला. विणा उभा राहिला. मी माईकवरून स्पष्ट सांगितलं, यंदा पंगतीत फक्त कष्टाच्या धान्याची भाकरी स्वीकारली जाईल, रेशनची आणू नये. सगळा मंडप शांत झाला. इतकी शांतता कीर्तनालाही नसते. बोलणं पोचलं.

६ जानेवारी
बायका पाट्या घेऊन आल्या. मी धोतराशी उभी. एकेकीला विचारणार होते. वच्छला रांगेत सगळ्यांत पुढे. नवं लुगडं, पाटीवर धुतलेला पंचा.
विचारलं, कशाच्या?
तिने माझ्याकडे पाहिलं. म्हणाली, तुमाला म्हाईत हाय.
तिला खोटं बोलता आलं असतं. मी ऐकून घेतलं असतं. पण बोलली नाही, हा हट्टीपणाच.
मी म्हटलं, मग परत ने. नियम सर्वांना सारखा. घरच्यांना आधी.
तिने पाटीवर पंचा नीट ओढला आणि वळली. तिच्यामागे तिची शेजारीण साखराबाई वळली. मग पुढची. मग बऱ्याच. बहुतेकींना घरी कामं असतील.
भाकरी कमी पडल्या. भात टाकायला लावला. व्यवस्थापनात त्रुटी, अमरसिंहला सांगणे.

७ जानेवारी
वच्छला काल जेवायला आली नाही. आजही नाही. सप्ताहात दमली असेल.
भाकरी मीच केली. फुगली नाही. तवा बदलायला हवा.

९ जानेवारी
अमरसिंह आला. आज खुर्चीवर बसला. म्हणाला, काकू, आता इचारणं बंद करा. आमच्या घरातबी कार्ड हाय.
मी म्हटलं, तुला रे कावून लागतं कार्ड? (रागात माझ्याही तोंडी आलं.)
हसला. म्हणाला, सगळ्यांचं हाय म्हणून हाय.
देखरेखीतून मोकळं करतो म्हणाला. माझ्या तब्येतीची काळजी असावी.

१२ जानेवारी
काल्याचं कीर्तन. अजिनाथ महाराज. गोकुळात प्रत्येकाची शिदोरी वेगळी, कुणाची ताजी, कुणाची शिळी, कुणाची मागून आणलेली. देवाने सगळी एकात कालवली आणि ज्याची सगळ्यांत गरीब, त्याचा घास आधी घेतला. महाराज म्हणाले, देव विचारत बसला का, कुठून आणली?
सगळा मंडप वळून माझ्याकडे बघायला लागला. आदरच असणार. मी ताठ बसले. पदर मात्र उगीच सारखा करत राहिले.
मग काला वाटला. रीत अशी की ज्याने त्याने शेजारच्याच्या तोंडात घास घालायचा, वर्षाचे रुसवे तिथेच संपवायचे. वच्छला बायकांच्या रांगेत घास भरवत येत होती. मी ठरवलं, तिला मोठ्या मनाने माफ करायचं. ती समोर आली तेव्हा मी तोंड उघडलं. लहान मुलासारखं.
ती थांबली. हात जोडले. म्हणाली, न्हाई बाई. ह्या हातानं रेशनचं पीठ मळलंय. तुमचं बाटायचं.
आणि पुढच्या बाईला भरवला.
तोंड मिटायला मला वेळ लागला.

१४ जानेवारी
सकाळी तिच्याकडे गेले. तीळगूळ न्यायचाच होता, म्हणून. कुलूप. साखराबाई म्हणाली, लेकीकडं गेली दिंद्रुडला, ऋतुजाकडं. कधी येणार, विचारलं. म्हणाली, बोचकं मोठं होतं.
तत्त्वाने वागणाऱ्या माणसाला एकटं पडावं लागतं. मी एकटी पडले असं नाही. तीळगुळाला मुंग्या लागल्या.

१७ जानेवारी
ऋतुजाला फोन केला. तिची खुशाली विचारायला. म्हणाली, काकू, आई इथंच बसलीय, पण बोलायचं न्हाई म्हणती.
मी म्हटलं, मलाही काही बोलायचं नव्हतं.
फोन ठेवणार, तोच मागून वच्छलाचा आवाज आला. ऋतुजाला हळूच म्हणत होती, इचार की गं, जेवल्या का म्हणावं.
ऋतुजाने विचारलं.
मी म्हटलं, हो, जेवले.
दोन दिवस झाले, परात पालथीच आहे.