अकराव्या ओळीची चवळी

पैठण, २४ एप्रिल २०२५

चि. तनुजास,
सप्रेम जय भीम व अ. आ.

शेवरीच्या वाळल्या शेंगांचा खुळखुळ आज पहाटे कानात आला. माझ्या पहिल्या शाळेच्या कुंपणाला शेवरी होती. पोरं चालीवर कविता म्हणायची अन् शेंगा ताल धरायच्या. आता शाळा नाही, शेवरीही नाही. कालव्याच्या पाझरानं आपलं रानही खारावून पांढरं पडलं.

फोनवर मला अर्धंच ऐकू येतं, म्हणून लिहितो. चाऱ्याच्या चवळीचे तू पेरलेले वीस वाण, वीस ओळी, एकोणीस करपल्या. अकरावी तेवढी हिरवी आहे, शेंगाही धरल्यात. शेजारची कडूबाई म्हणते, मास्तरनं कविता म्हणूनच जगवली असंल.

ऊन बेचाळीसच्या वर आहे. डबा वेळेवर खात जा. लोभ आहेच, तो काही उन्हानं वाळत नाही.

तुझा,
आबा

छत्रपती संभाजीनगर, २ मे

ती. आबांना,
सविनय जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र आमच्या संशोधन केंद्राच्या सरांना वाचून दाखवलं. तीन उन्हाळे मी हेच शोधतेय: तापल्या खारवट जमिनीत, उगवणीनंतर पाण्याचा थेंब न मिळता तगणारा वाण. या खेपेला काही निघालं नाही तर काम बंद, जूनपासून मी घरी, असं सर म्हणाले होते. आता म्हणतात, अकरावीचं बी पावसाआधी वाटायचं. मी लगेच शेतकऱ्यांना फोन केले, तुमचा पत्ताही दिला. कडूबाईंना सांगा, आमच्या तक्त्यात कवितेला रकाना नाही!

शेंगा वाळतील तशा तोडून ठेवा. माया अशीच असू द्या.

तुमची,
तनुजा

पैठण, १३ मे

चि. तनुजास,
जय भीम व अ. आ.

तुझं पत्र आठवडाभर उशाखाली होतं. उत्तर चारदा लिहून फाडलं.

अकरावी ओळ माझ्या खिडकीसमोरची. मार्चअखेर तिनं माना टाकल्या. जन्मभर पोरांना सुकल्या वेलींच्या कविता शिकवल्या गं, मला बघवेना. रोज संध्याकाळी दोन कळशा घालत गेलो. तू बजावलं होतंस, तरी. अन् पहिल्या पत्रात ते लपवलं, कारण तुला काहीतरी हिरवं कळवायचं होतं.

तेव्हा तिनं काहीच सोसलेलं नाही. ते बी लोकांच्या रानात महिन्याभरात जळेल. ती ओळ खोड. सरांना सांग, चूक म्हाताऱ्याची. तुझं काम मी बुडवलं. रागव, पण पत्र टाकायचं थांबू नकोस. एवढाच लोभ मागतो.

तुझा,
आबा

ता. क. पाकीट चिकटवत होतो, तोच कडी वाजली. दारात अनोळखी माणूस. गंगापूरकडचा, सांडू म्हणून. दोन एसट्या बदलून भर उन्हात आलाय. ताईंचा फोन आल्यापासून दम निघंना, म्हणाला. दोन एकर खारवट रान नांगरून ठेवलंय. काखेत धुतलेली पिशवी आहे. लई नको, मास्तर, पिशवीभर बी द्या, म्हणतोय. त्याला ओट्यावर बसवून हे लिहितो आहे. तिथून तो अकराव्या ओळीकडं बघतोय, अन् एवढ्या उन्हात ही इतकी हिरवी कशी राहिली, म्हणून मला विचारतोय.