चौथी फळी

आई, कंबर आताशा बसूच देत नाही, म्हणून आज सकाळी हाडांच्या डॉक्टरांकडे गेले होते. तिथून आल्यापासून जिवाला चैन नाही. तू जाऊन आठ वर्षं झाली, आणि बोलायचंय ते तुझ्याशीच.

माझा उजवा पाय जन्मापासूनच जाड, मांडीभर जांभळा डाग, शिरा टरारलेल्या, आणि वाढायला डाव्यापेक्षा घाईचा. शेजारणी म्हणायच्या, पोटुशी असताना ग्रहणात विळी धरली हिनं. तू खाली मान घालून ऐकायचीस. मुंबईच्या डॉक्टरांनी सांगितलं, ग्रहणाचा काही संबंध नाही, रक्तवाहिन्यांचा दुर्मिळ आजार आहे हा. आणि तुला एक काम दिलं. मुलीला उभं करायचं, डाव्या पायाखाली एकेक फळी सरकवायची, कंबर सरळ येईपर्यंत. चौथी फळी लागली की लगेच यायचं. गुडघ्याजवळ ऑपरेशन करून लांब पायाची वाढ थांबवता येते, पण उंची वाढते आहे तोवरच. नंतर उपयोग नाही.

दर अमावास्येला मळ्यात खाडा, त्या दिवशी ओट्यावर माझी मोजणी. टोमॅटोच्या पेटीच्या फळ्या. मी परकरात भिंतीला टेकून उभी, आणि तू झेंडू तोडून पिवळे झालेले हात घेऊन माझ्या कमरेची हाडं चाचपतेस. "हलू नको गं भवाने, सरळ ऱ्हा." मी सरळ राहत नाही. डॉक्टर बाबांना म्हणाले होते, या पायातून रक्त फार जाऊ शकतं, ते मी दाराआडून ऐकलेलं. बारा वर्षांची मी, मला वाटलं, ऑपरेशन झालं की मी मेलेच. परकराच्या आत उजवा गुडघा एवढासा वाकवला की काम भागायचं. "तीनच हायेत! देव पावला बाई," म्हणत तू माझ्या तोंडात गुळाचा खडा घालतेस. दीड वर्षं खाल्ला मी तो गूळ.

मग एकदा शाळेतून येताना तू मला मागून पाहिलंस, डाव्या चवड्यावर उड्या मारल्यासारखी चालताना. दुसऱ्याच दिवशी मुंबई गाठली, पण हाडाची वाढ थांबली होती. "इतके दिवस काय करत होता तुम्ही?" डॉक्टर तुझ्यावर ओरडले. तू पदर पिळत म्हणालीस, "सायेब, मला अडाणीला मोजता नाय आलं." मी शेजारीच उभी होते. अजून लाज वाटते गं.

शेवटच्या दुखण्यात तू माझा उंच तळाचा बूट मांडीवर घेऊन बसली होतीस, द्वारका चौकातल्या बूट करणाऱ्या कारागिराकडून करून आणलेला. "माझ्यामुळं झालं हे. राग धरू नको बाई." मी म्हणाले, "जाऊ दे आई, मी कधीच माफ केलंय तुला." माफ! मी, तुला!

आज दवाखान्यातून इंदिरानगरला घरी परतताना रिक्षात ठरवलं, सगळं लिहून काढायचं. लिहिलं. सकाळचं तेवढं राहिलं. एक्स-रे बघून डॉक्टरांनी विचारलं, "लहानपणी वेळेवर का नाही आणलं घरच्यांनी?" तिशीची बाई मी, बँकेत हिशेब तपासते, आता कुठलं ऑपरेशन नि कसली भीती. तरी चटकन बोलून गेले, "आई अडाणी होती हो. तिला फळ्या मोजता आल्या नाहीत."