आईच्या दुकानाची डावी भिंत

अशोका गार्डन, भोपाळ
१४ नोव्हेंबर

प्रिय स्वरदा,

पत्र बघून घाबरू नकोस, आमच्या दोघांच्याही तब्येती ठीक आहेत. फोन केला असता, पण तुझा फोन म्हटला की आई हातातलं टाकून येऊन बसते, आणि हे तिच्यासमोर बोलण्यासारखं नाही. शिवाय सध्या मी इतका वैतागलोय, की बोलायला लागलो तर अर्धा वेळ ओरडण्यातच जाईल.

मी तिचं दुकान बांधतोय. खरं नव्हे गं, खेळण्यातल्यासारखं. सोनागिरीतलं तिचं ‘वसुधा मॅचिंग सेंटर’, एका फुटाला एक इंच या मापाने. म्हणजे आठ इंच रुंद, दहा इंच खोल. पुढच्या महिन्यात तिला पासष्टावं लागतंय, तेव्हा द्यावं असा बेत. जन्मभर कारखान्यात ओतकामासाठी लाकडी नमुने केले, अर्ध्या मिलिमीटरची चूक कुणाची खपवून घेतली नाही, तेव्हा हे म्हणजे हातचा मळ असं वाटलं होतं. दोन महिने झाले, नाकी नऊ आलेत.

कापडाचंच घे. ब्लाउजपीसच्या घड्यांना खरं कापड वापरलं तर एवढ्याशा मापात ते गादीसारखं फुगतं. खळ लावून पाहिली, इस्त्री फिरवून पाहिली. शेवटी पतंगाचा कागद आणायला गेलो, तर तिथे तिचे रंगच नाहीत. मोरपंखी मागितला तर दुकानदार म्हणतो, “अंकल, हरा ले लो ना, दूर से कौन देखेगा?” असा संताप आला! चिंतामणी रंगाच्या तीन छटा जी बाई वेगवेगळ्या ओळखायची, तिच्या दुकानात मी ‘हरा’ लावू? दोऱ्याच्या रिळांसाठी पेनाच्या रिफिलींचे तुकडे करून त्यावर दोरा गुंडाळतोय. रीळ बोटांतून उडून कपाटाखाली जातं, मग हा अडुसष्ट वर्षांचा माणूस जमिनीवर आडवा. परवा गोंदाने अंगठा आणि तर्जनी एकमेकांना घट्ट चिकटली. आईने गरम पाणी आणलं, बोटं सोडवली आणि निघून गेली. दोन खोल्यांत तिच्यापासून लपवणार तरी काय?

दर्शनी भाग मात्र फक्कड जमलाय, उगाच खोटा विनय कशाला. शटर खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याचं, वर चंदेरी रंग. एका टेम्पोने ठोकून पोचा पाडला होता, तोही केलाय. पाटीवरच्या ‘फॉल-पीको’चा उडालेला रंग, पायरीची तडकलेली फरशी, सगळं आहे. गिऱ्हाइकाची साडी घेऊन रंग बघायला ती त्याच पायरीवर उजेडात यायची. मान जराशी तिरकी करून बघायची.

गेल्या मंगळवारी तिने चष्मा लावून, वाकून, बराच वेळ ते पाहिलं. “बाहेरून अगदी तसंच झालंय,” म्हणाली, आणि पालक निवडायला गेली.

तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कारण ती म्हणाली ते खरं आहे, आत काहीच नाही. रिळं केलीत, घड्या केल्यात, पण त्या ठेवायच्या कुठे हे मला माहीत नाही. एकोणीस वर्षं रोज संध्याकाळी तिला आणायला गेलो, स्कूटर चालू ठेवून रस्त्यावरूनच हॉर्न वाजवला. कधी उतरलो नाही. बायकांच्या दुकानात पुरुषाने काय जायचं, असं मी सगळ्यांना सांगायचो. खरं कारण वेगळं होतं. पिपलानीतल्या, आमच्या कारखान्याच्या वसाहतीतल्या कुणी मला आत पाहिलं असतं तर दुसऱ्या दिवशी कारखान्यात “क्या सुधाकर बाबू, भाभीजी की दुकान पे बैठने लगे?” सुरू झालं असतं. मला त्याची लाज वाटायची.

तर आता तू सांग. डाव्या भिंतीवर फळ्या होत्या की खण? पीकोच्या मशीनचं तोंड दाराकडे होतं का? ती बसायची कशावर, स्टुलावर की खुर्चीवर? शाळा सुटली की तू थेट तिथे जायचीस, अस्तराच्या ताग्यांवर बसून गृहपाठ करायचीस. आईलाच विचारा म्हणशील. विचारलं. “रोज यायचात की न्यायला,” म्हणाली. रागाने नाही गं, साधंच. मी मात्र हातातला दुकानाचा नकाशा टराटरा फाडला आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा काढत बसलो.

एवढं लिहून यादी मागवायची आणि सही करायची, असं ठरवून बसलो होतो. पण एक दिवस मी त्या दुकानात गेलो होतो, स्वरदा. रिटायर झालो त्या उन्हाळ्यात आई सुमित्रामावशीकडे लग्नाला नागपूरला गेली होती. आता मी घरी असणार, मग हिने कशाला बाहेर जायचं, असं माझं मीच ठरवलं. कुलूप उघडलं, सगळा माल एकगठ्ठा एका व्यापाऱ्याला देऊन टाकला आणि किल्ली जागेच्या मालकाच्या हातात ठेवली. दोन तासांत दुकान रिकामं. माझ्याच हातांनी त्या भिंतींवरचं सगळं उतरवलं आणि आज त्यांवर काय होतं ते आठवत नाही, कारण मी बघतच नव्हतो, उरकत होतो. ती परत आली, सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, “माझी कात्री?” तीही गेली होती. तुला मी सांगितलं, आई थकली, तिनेच दुकान सोडलं. तू तिला म्हणालीस, “बरं झालं आई, आता आराम कर.” ती “हो गं” म्हणाली. आठ वर्षं झाली, माझं खोटं तिने तुझ्यापाशी उघडं पाडलं नाही. यादी नंतर पाठव. आधी तिला फोन कर आणि तुझं ते ‘बरं झालं’ मागे घे. चूक तुझी नव्हती, पण माझ्यामुळे तिला ते तुझ्या तोंडून ऐकावं लागलं.

तुझाच,
बाबा